गावात पास, घाटात काळी: धूर ओकणाऱ्या एका डिझेल गाडीचं प्रकरण

(मालकाची ओळख कळू नये म्हणून शाळेचं गाव आणि गाडीचं मॉडेल दिलेलं नाही.)

पार्श्वभूमी

गाडी २०१३ सालची, १.३ लिटर कॉमन रेल (सगळ्या इंजेक्टरना एकाच सामाईक नळीतून जोरदार दाबाने डिझेल पुरवणाऱ्या) डिझेल इंजिनची छोटी हॅचबॅक. केए २२ पासिंग, मीटरवर १ लाख ३८ हजार किलोमीटर. चालवणाऱ्या बाई मराठी शाळेत शिक्षिका आहेत. घर बेळगावात टिळकवाडीकडे, आणि शाळा जांबोटीच्या पुढे कणकुंबीच्या बाजूला. म्हणजे रोज चोर्ल्याच्या रस्त्याने जाणं-येणं. चढ, वळणं, खड्डे आणि जूनपासून धो धो पाऊस. मलप्रभा उगम पावते तो हा मुलूख, त्यामुळे पावसाचं प्रमाण सांगायला नको. या रस्त्यावर रोज धावणाऱ्या गाडीची रबरं, बुश आणि माउंटिंग शहरातल्या गाडीच्या मानाने फार लवकर जातात.

गाडीची देखभाल वाईट नव्हती. ऑइल वेळच्या वेळी बदललेलं, एअर फिल्टर आदल्या सर्व्हिसला नवा टाकलेला. आधीच्या गॅरेजची बिलं बाईंनी फाइलला लावून ठेवली होती. असा मालक मिळाला की आमचं अर्धं काम हलकं होतं.

तक्रार

उद्यमबागेत माझ्या गॅरेजात गाडी आली तेव्हा बाई आणि त्यांचे यजमान दोघंही आले होते. यजमानांनी एका दमात सांगितलं, "मिस्त्री, गाडी चढाला ओढंना झालीया बघा, आणि मागं नुसता काळा धूर."

हे ऐकून लगेच बॉनेट उघडायचं नाही, आधी विचारायचं, हा माझा शिरस्ता. धूर कधी येतो? उभ्या गाडीत येतो का? सकाळी थंड असताना जास्त, की गरम झाल्यावर? ऑइल किंवा कूलंट कमी होतंय का? बाईंची उत्तरं नेमकी होती. उभ्या गाडीत धूर अजिबात नाही. सपाटीला हळू चालवली तरी नाही. तिसऱ्या गिअरवर चढ लागला आणि पाय दाबला की आरशात मागची गाडी दिसेनाशी होते. लिटरला १९ जाणारी गाडी १४ वर आली होती. ऑइल आणि कूलंटची पातळी जागच्या जागी. एकदा घाटात पिवळा दिवा लागला आणि गाडीने जोर सोडला. बंद करून परत चालू केली, दिवा गेला.

शेवटी त्या म्हणाल्या, "आणि एक शिट्टीसारखा आवाज येतो हो, पण चढालाच. आधीच्या ठिकाणी सांगितलं होतं, ते म्हणाले टर्बोचा आवाज असतोच."

माझ्या मते या सगळ्या प्रकरणातलं सर्वांत महत्त्वाचं वाक्य हेच होतं.

बाईंचं मन खरं दुखलं होतं ते वेगळ्याच गोष्टीने. शाळेजवळचा चढ चढताना मुलं रस्त्याच्या कडेने चालत असतात आणि धुराचा लोट त्यांच्या तोंडावर जातो. डिझेलच्या धुराला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ साली कर्करोगकारक पदार्थांच्या पहिल्या गटात घातलं. त्यामुळे काळा धूर हा फक्त अ‍ॅव्हरेजचा प्रश्न नाही, आणि बाईंना ते कुणी सांगायची गरज नव्हती.

एमिशनचं सर्टिफिकेट होतं, तरीही

गाडीकडे चालू मुदतीचं एमिशन सर्टिफिकेट होतं. आकडा ४७ हार्ट्रिज स्मोक युनिट (धुराचा काळेपणा मोजायचं एकक). या वयाच्या बीएस ३ (भारत स्टेज ३ या प्रदूषण नियमातल्या) डिझेल गाडीला ६५ पर्यंत मुभा आहे, म्हणजे गाडी आरामात पास. यजमानांचा प्रश्न रास्त होता: पास आहे तर धूर कसला?

ही चाचणी गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून, रेस झटकन पूर्ण दाबून करतात. इंजिनावर ओझं नसतं, म्हणून टर्बो (हवा दाबून इंजिनात भरणारा पंखा) फारसा दाब तयार करत नाही आणि दाबाखालीच उघडं पडणारं दुखणं तिथे लपून राहतं. चाचणी खोटी नव्हती. तिने तपासलेली गोष्ट आणि घाटात घडणारी गोष्ट वेगळी होती. म्हणून पास-नापासावर वाद न घालता गाडीला ओझ्याखाली बघायचं, हे तिथेच नक्की केलं.

समोरचे पर्याय

बाई माझ्याकडे येण्याआधी तीन सल्ले घेऊन आल्या होत्या.

पहिला सल्ला डिझेलचा. आपल्याकडे सीमेवर हा संशय आधी येतो, कारण दरातला फरक बघून लोक कुठे कुठे टाकी भरतात आणि मग गाडी बिघडली की पंपावर बोट ठेवतात. फिल्टरमधलं डिझेल काचेच्या बाटलीत काढून ठेवलं. खाली पाणी बसलं नाही, गाळ नाही. शिवाय डिझेलात पाणी असतं तर गाडी अडखळली असती, पांढरा धूर टाकला असता. फक्त चढाला काळा धूर आणि बाकी वेळ इंजिन गुळगुळीत, हे खराब डिझेलचं लक्षण नव्हे. हा विषय तिथेच मिटवला.

दुसरा सल्ला आधीच्या गॅरेजचा: चारही इंजेक्टर काढून रिकंडिशन करा, अंदाजे ३८ हजार. नाही थांबलं तर टर्बो बघू. हा पर्याय हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. गळका इंजेक्टर काळा धूर देतोच, आणि १ लाख ३८ हजार किलोमीटर म्हणजे इंजेक्टरचं वय झालेलं. पण गळका इंजेक्टर उभ्या गाडीतही काहीतरी बोलतो. ठोका येतो, आयडल हलतं, थंड असताना धूर येतो. इथे तसं काहीच नव्हतं. आणि कॉमन रेल इंजेक्टर सीटमध्ये जाम बसलेले असतात, काढताना मोडले तर हेड उतरवायची पाळी येते. पुरावा नसताना उघडण्याची ही जागा नव्हे.

तिसरा सल्ला ईजीआरला (जळक्या धुराचा काही भाग परत इंजिनात सोडणाऱ्या व्हॉल्व्हला) पट्टी मारून तो कायमचा बंद करायचा. पाचशे-हजारात होतं, म्हणून बरेच जण करतात. त्याने धूर कमी दिसू शकतो हे खरं आहे. पण ईजीआर बसवलाय तो नायट्रोजन ऑक्साइड कमी करण्यासाठी. तो मारला की डोळ्यांना दिसणारं प्रदूषण कमी आणि न दिसणारं जास्त, असा सौदा होतो. प्रदूषण रोखण्यासाठी बसवलेला भाग निकामी करणं मी माझ्या गॅरेजात करत नाही. मालकाने आग्रह धरला तरी नाही.

चौथा पर्याय, ज्याच्या बाजूने मी होतो: हवेची वाट आधी तपासायची. डिझेल इंजिनात काळा धूर म्हणजे न जळलेला कार्बन. एक तर डिझेल जास्त पडतंय, नाहीतर हवा कमी पडतेय. निळा असता तर ऑइल जळतंय म्हटलं असतं, पांढरा असता तर कूलंट किंवा न पेटलेलं डिझेल. काळ्यात दोनच बाजू. त्यातली हवेची बाजू काही न उघडता तपासता येते आणि तपासायला पैसेही कमी लागतात. सुरुवात तिथूनच करायची.

तपासणी

स्कॅनर लावला. मेमरीत एकच कोड, पी ०२९९, म्हणजे टर्बोचा दाब अपेक्षेपेक्षा कमी. इथे घाई करणारा माणूस फसतो. कोडात टर्बो असं नाव आहे म्हणून टर्बो बदलायला निघतो. कोड लक्षण सांगतो, गुन्हेगार सांगत नाही.

मग चालू आकडे. चावी ऑन, इंजिन बंद, अशा वेळी इनटेकचा दाब मोजणाऱ्या सेन्सरने बाहेरच्या हवेचा दाब दाखवायला हवा. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटर उंच, तेव्हा इथे तो ९२-९३ किलोपास्कलच्या आसपास असतो. पुस्तकातल्या १०१ शी ताडून सेन्सर खराब ठरवू नये. या गाडीत ९३ आला. सेन्सर ठीक.

गाडी घेऊन येळ्ळूरच्या राजहंसगडावर गेलो. उद्यमबागेपासून जवळ आणि चढ असा खडा की गाडीला लपायला जागा नाही. शेजारी गॅरेजातला मुलगा स्कॅनर धरून बसलेला, तिसरा गिअर, पाय पूर्ण दाबलेला. इंजिन मागत होतं २०० किलोपास्कल, मिळत होतं १४२. रेलमधला डिझेलचा दाब मात्र मागणीच्या बरोबरीने चालला होता. शिट्टी स्पष्ट ऐकू आली आणि मागे काळा पट्टा उठला. ईजीआरचा आकडाही नोंदवला: इंजिन म्हणतंय पूर्ण बंद हो, आणि व्हॉल्व्ह १२ टक्के उघडा.

परत आल्यावर इंजेक्टरचा निकाल लावला. आयडलला चार सिलिंडरची दुरुस्ती मूल्यं (कॉम्प्युटर प्रत्येक सिलिंडरचं डिझेल किती कमी-जास्त करतोय ते आकडे) मर्यादेत होती. रिटर्न पाइपांना चार बाटल्या लावून इंजिन चालवलं, चारी बाटल्यांत डिझेल जवळपास सारखं उतरलं. यजमान बाजूला उभे राहून बाटल्या बघत होते. अडतीस हजाराचा प्रश्न त्यांच्या डोळ्यांसमोर सुटला, आणि ते तसं त्यांच्यासमोर होणं मला गरजेचं वाटतं.

टर्बोचा नंबर. आतला पाइप सोडून शाफ्ट बोटाने हलवला. बाजूला किंचित हलतो तेवढा चालतो, मागे-पुढे हलला तर संपला. मागे-पुढे हालचाल नव्हती. पाती शाबूत. वेस्टगेटच्या (टर्बोचा दाब आवरणाऱ्या झडपेच्या) अ‍ॅक्च्युएटरला थोडी हवा दिली, दांडी सरकली आणि परत आली. टर्बो निर्दोष.

उरली पाइपलाइन. एअर फिल्टरच्या पेटीकडून टर्बोकडे जाणाऱ्या पाइपच्या तोंडाला पीव्हीसीची टोपी बसवली. तिला ट्यूबचा व्हॉल्व्ह लावलेला आहे, अशी टोपी प्रत्येक गॅरेजात असावी, करायला दीडशे रुपये पुरतात. कॉम्प्रेसरने जपून हवा सोडली, एक बारच्या आत. साबणाचं पाणी मारत मारत गेलो. वरचे जोड कोरडे. इंटरकूलरच्या (टर्बोत तापलेली हवा गार करणाऱ्या भागाच्या) खालच्या होजपाशी, म्हणजे रबरी पाइपपाशी पोचलो तर फेस फसफसून वर आला.

होज काढून हातात घेतला. वरून अगदी चांगला. खालच्या अंगाला क्लॅम्पच्या शेजारी दोन इंच लांब चीर, आणि तिच्याभोवती ऑइलची ओल घेऊन लाल माती घट्ट बसलेली. चीर अशी की हाताने दाबलं तर बंद, फुगवलं की उघडते. म्हणून उभ्या गाडीत काही कळत नव्हतं.

हवा गळली तर धूर का येतो

यजमानांनी विचारलं, हवा कमी मिळते तर इंजिन डिझेलही कमी का टाकत नाही? प्रश्न नेमका होता.

हवा मोजणारा सेन्सर एअर फिल्टरला लागून असतो, टर्बोच्या आधी. तो मोजतो ती हवा सिलिंडरमध्ये जाणार, असं धरून कॉम्प्युटर डिझेलची मर्यादा ठरवतो. चीर आहे टर्बोच्या पुढे. मोजलेली हवा वाटेतच बाहेर पडते, डिझेल मात्र मोजलेल्या हवेच्या हिशेबाने पडतं. कमी हवेत जास्त डिझेल, म्हणून काजळी. उलट फिल्टरच चोंदला असता तर सेन्सरनेच हवा कमी मोजली असती, कॉम्प्युटरने डिझेल आवरलं असतं, गाडी मरगळली असती पण इतका धूर आला नसता. जुन्या मेकॅनिकल पंपाच्या जीपमध्ये फिल्टर चोंदला की धूर यायचा, तो अनुभव या इंजिनांना तसाच लावता येत नाही. कितीतरी जण आजही धूर दिसला की आधी फिल्टर बदलतात आणि तिथेच थांबतात.

होज फाटला कशाने

इथे नवा होज टाकून बिल करता आलं असतं. पण रबर दोन इंच चिरतं ते एकाच जागी घासून. होजच्या समोरचा ब्रॅकेट बघितला, तर त्याची कड घासून चकचकीत झालेली. ब्रेक दाबून, गिअरमध्ये टाकून मुलाला क्लच थोडा सोडायला सांगितला, आणि इंजिन जागेवरून मागे कलंडलं. खालच्या टॉर्क रॉडचं (इंजिनाला झुकण्यापासून धरून ठेवणाऱ्या दांडीचं) रबर पार तुटलं होतं. जांबोटीच्या पुढचे खड्डे आणि रोजचा चढ, प्रत्येक वेळी जोर लावला की इंजिन मागे झुके आणि होज ब्रॅकेटवर घासे. रॉड तसाच ठेवून होज बदलला असता तर येत्या पावसाळ्यात हीच गाडी परत आली असती.

दुरुस्ती आणि तिचा क्रम

होज हुबळीहून मागवावा लागला. तोवर काय करायचं, यावर थोडी चर्चा झाली. एका ओळखीच्या फिटरने ट्यूबची पट्टी आणि दोन क्लॅम्प लावून पाठवून द्या म्हणून सांगितलं होतं. सपाटीला तेवढं टिकलं असतं. घाटात ती पट्टी सुटली तर गाडी चढाच्या मधोमध जोर सोडणार, आणि त्या रस्त्याला पावसाळ्यात धुकं असतं. मी नको म्हटलं. बाई ते दिवस बसने शाळेला गेल्या. गैरसोय झाली, तरी निर्णय बरोबर होता असं मी आजही म्हणेन.

दुसरा निर्णय जास्त कठीण होता. ईजीआर १२ टक्के उघडा राहतो हे राजहंसगडावरच दिसलं होतं. होज आणि ईजीआर एकदमच करून टाकायचे, की एक एक? एकदम केलं तर बाईंची एक खेप वाचते. एक एक केलं तर कशाने किती फरक पडला हे कळतं, आणि उगाच काम वाढत नाही. मी एक एक सुचवलं आणि कारण सांगितलं. बाई म्हणाल्या, "मुलांचं गणित आम्ही असंच तपासतो, पायरी पायरीनं." मग काही प्रश्न उरला नाही.

नवा होज, नवे क्लॅम्प, नवा टॉर्क रॉड. परत राजहंसगड. मागणी २००, मिळाले १९६. शिट्टी बंद. गाडी तिसऱ्यात नुसती पळाली. धूर खूप कमी झाला, पण संपला नाही. हळू चालत असताना एकदम पाय दाबला की एक काळा भपका येई आणि मग साफ.

आता ईजीआरची पाळी. व्हॉल्व्ह उतरवला तर आत ओल्या डांबरासारखा कार्बन, सीटवर इतका की तबकडी बसतच नव्हती. म्हणून ताज्या हवेची जागा जळका धूर घेत होता. क्लीनर मारून, लाकडी पट्टीने खरवडून, ब्रशने साफ केला. स्क्रू ड्रायव्हरने खरवडू नये, सीटला ओरखडा पडला की साफ करूनही गळतो. नवी गॅस्केट घातली, स्कॅनरवरून व्हॉल्व्हची शून्य जागा परत शिकवली. आकडा शून्यावर आला.

ऑइल बदलायला दोन हजार किलोमीटर बाकी होते, तरी बदलून घ्या म्हटलं. इतके महिने काजळी झाली ती थोडी थोडी ऑइलमध्ये उतरते, ऑइल घट्ट होतं, आणि टर्बोचं बेअरिंग त्याच ऑइलवर जगतं. वाचलेला टर्बो ऑइलपायी घालवण्यात अर्थ नव्हता.

निकाल

ऑइल धरून बिल साडेअकरा हजारांच्या आत बसलं. त्यातलं होज, रॉड आणि ईजीआरचं काम साधारण आठ हजारांचं. मुद्दाम परत एमिशन तपासून घेतलं: २९. गाडी लिटरला १८ च्या वर जाऊ लागली. घाटात धूर दिसत नाही. शाळेजवळच्या चढावर मागे बघायला बाईंनी एका सहकारी शिक्षकांनाच उभं केलं होतं, असं त्यांनी नंतर सांगितलं.

काय वेगळं करता आलं असतं

आधीच्या गॅरेजात बाईंनी शिट्टीचा आवाज सांगितला होता. त्याच दिवशी कुणी शेजारी बसून एक चढ चढला असता तर कित्येक महिन्यांचा धूर आणि डिझेल वाचलं असतं. गॅरेजच्या दारात गाडी रेस करून धूर बघायची आपली पद्धत अशा दुखण्याला पुरत नाही.

टॉर्क रॉड कुठल्याच सर्व्हिसच्या बिलात दिसत नाही, कारण तो बघायची यादीच नसते. घाटरस्त्यावर रोज धावणाऱ्या गाडीचे इंजिन माउंटिंग दर सर्व्हिसला बघायला हवेत, ते दोन मिनिटांचं काम आहे. क्लच थोडा सोडून इंजिन किती कलंडतं ते बघायचं, बस्स.

तपासणीच्या क्रमाबद्दलही मनात विचार आहे. साबणपाण्याची चाचणी राजहंसगडाआधी केली असती तर चीर तासाभरात सापडली असती. पण मग ईजीआरचा आकडा ओझ्याखाली नोंदला गेला नसता, आणि होज बदलल्यावर उरलेला भपका कुठून येतो हे परत शोधावं लागलं असतं. शिट्टी ऐकू येत असेल तर आधी साबणपाणी, नसेल तर आधी चढ, असं मी आता माझ्या पोरांना सांगतो.

अंदाजपत्रक कागदावर मागावं, आणि प्रत्येक भागापुढे तो का बदलायचा याचा आकडा किंवा खूण मागावी. "किलोमीटर झालेत" हे चारही इंजेक्टर काढायचं कारण होऊ शकत नाही.

एक काम बाकी ठेवलंय. इनटेक मॅनिफोल्डच्या आतही कार्बनचा थर आहे, ईजीआर काढला तेव्हा दिसला. गाडी आता चांगली चालते, म्हणून तो उतरवायचा खर्च आत्ता बाईंवर टाकला नाही. दसऱ्याच्या सुट्टीत गाडी येईल तेव्हा दाबाचे आकडे परत घ्यायचे, हवा मोजणाऱ्या सेन्सरचे आकडे आजच्या नोंदीशी ताडायचे, आणि ते घसरले असतील तरच मॅनिफोल्ड उघडायचा, असं ठरलंय. आजच्या नोंदीची एक प्रत बाईंच्या फाइलमध्ये लावून दिली आहे.